चिरेखाणीतील फियाट : बुडालेली वाहने काढून तपासणाऱ्या एका सेवेचा अनुभव

गेल्या मे महिन्यात राजापूरच्या सड्यावरील (जांभ्याच्या उघड्या पठारावरील) एका सोडून दिलेल्या चिरेखाणीतून आम्ही जी फियाट बाहेर काढून घेतली, ती आमची नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. माझे थोरले चुलत बंधू १९९४ च्या जुलै महिन्यात आपली पांढरी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाटच, घेऊन लांज्याहून संध्याकाळी निघाले आणि घरी पोहोचलेच नाहीत. तेव्हापासून पोलिस ठाण्यात बेपत्ता म्हणून त्यांची नोंद आहे, आणि गावात निरनिराळ्या अफवा आहेत. या कामासाठी आमच्या कुटुंबाने सुमारे ८६,००० रुपये खर्च केले. त्यातून आमच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तरी ज्या गटाने हे काम केले त्याच्याविषयी मला आदराने लिहावेसे वाटते. प्रकरण अद्याप पोलिसांकडे असल्यामुळे गटाचे नाव देत नाही. परंतु काम कसे झाले हे नीट सांगितले, तर अशी वेळ आलेल्या कोणालाही आपल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचे काम पारखता येईल.

माझ्या मताला काही आधार असावा म्हणून एवढेच सांगतो की मी नोकरीची बहुतेक वर्षे विमा कंपन्यांसाठी वाहनांच्या नुकसानीची पाहणी करण्यात घालवली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, त्यानंतरचे कित्येक आठवडे मी चिखलाने भरलेल्या गाड्यांमध्येच होतो. पाण्यातून आलेल्या गाडीला आतून कोणी धुतले की तिची निम्मी हकिकत नाहीशी होते, हे मी तेव्हा प्रत्यक्ष पाहिले. पाणी कुठवर चढले, किती वेळ राहिले, इंजिन चालू असताना आत शिरले की बंद असताना, हे सारे डॅशबोर्डाच्या मागच्या आणि दारांच्या आतल्या चिखलाच्या रेघांवरून कळते. चिपळुणातील गाड्या दोन दिवस पाण्यात होत्या. जी गाडी वीस-तीस वर्षे पाण्यात राहिली, तिच्या बाबतीत आतला चिखल हाच मुख्य साक्षीदार असतो, आणि या सेवेची पारख मी त्याच एका कसोटीवर केली.

चिरेखाण ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जांभ्याचा चिरा काढून झाला की सड्यात उभ्या कडांचा चौकोनी खड्डा उरतो, तो पावसाने भरतो, आणि काही खाणींचे पाणी ऐन मे महिन्यातही आटत नाही. कडेला कठडा नसतो. जुन्या वाटा खाणीच्या अगदी काठावरून जातात, आणि पावसाळ्यातील धुक्यात काठ व वाट यांतील फरक दिसत नाही. या खाणीत पोहायला उतरलेल्या मुलांच्या पायाला पाण्याखाली पत्रा लागला, म्हणून तो प्रश्न आमच्या घरी पुन्हा उभा राहिला.

प्रथम आम्ही जवळच्याच एका क्रेनवाल्याला विचारले. एक पोरगा बुडी मारून बंपरला आकडा अडकवील, अर्ध्या तासात गाडी वर येईल आणि मग प्रेशरच्या पाण्याने धुऊन आत कोण आहे ते पाहू, असे त्याने सांगितले. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. रस्त्याकडेच्या गटारात गेलेली गाडी तो अशीच काढतो. परंतु इतकी वर्षे पाण्यात गंजलेला बंपर ओढताच हातात येतो, ओढ जास्त झाली तर बुडाचा पत्राच फाटतो, आणि आतला चिखल खाणीच्या तळाशी सांडला की तो पुन्हा गोळा करणे अशक्य होते. त्याला नकार दिल्यावर ओळखीतून या दुसऱ्या गटाचा पत्ता मिळाला. त्यात मालवणकडचे दोन पाणबुडे, सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे चित्र घेणारे यंत्र) चालवणारा एक तरुण, स्वतःची हायड्रा (चाकांवरची क्रेन) असलेले एक गृहस्थ आणि आयुष्यभर फियाट दुरुस्त केलेले एक वयस्क मिस्त्री होते.

त्यांनी सर्वप्रथम पाण्याकडे न जाता पोलिस ठाण्यात जाण्यास सांगितले, आणि तेथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. बेपत्ता नोंदीचा उल्लेख करून लेखी अर्ज, खाणीच्या मालकाची संमती आणि कामाच्या वेळी पोलिस व पंच यांची हजेरी, या तीन गोष्टी असल्याशिवाय पाण्यात उतरणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आत मानवी अवशेष असण्याची शक्यता असताना पोलिसांशिवाय गाडी उघडणे म्हणजे पुराव्याची साखळी स्वतःच्या हाताने तोडणे होय. काम होताना कोणी मोबाइलवर चित्रीकरण करून ते पसरवू नये, ही त्यांची अटही मला फार मोलाची वाटली. अलीकडे अशा शोधांचे चित्रीकरण लाखो लोक पाहतात, आणि परदेशात अशा स्वयंसेवी पाणबुड्यांच्या गटांनी अनेक कुटुंबांना उत्तरे मिळवून दिली आहेत, हे खरे आहे. तरी काठावर उभ्या असलेल्या माझ्या वहिनींचा चेहरा कोणाच्या मोबाइलमध्ये जावा, हे मला सहन झाले नसते.

पहिला दिवस सोनारचा होता. मासळी शोधण्यासाठी होडीवर लावतात त्याच जातीचे, दोन्ही बाजूंना ध्वनिलहरी सोडणारे यंत्र त्यांनी एका लहान तराफ्यावर बसवले होते. या यंत्राच्या चित्रात वस्तूपेक्षा तिच्या मागे पडणारी काळी सावली अधिक बोलकी असते, कारण सावलीच्या लांबीवरून वस्तूची उंची काढता येते. खाणीच्या उभ्या भिंतींवरून आवाज परत येत असल्यामुळे चित्रात खोट्या रेषा उमटत होत्या, म्हणून त्या तरुणाने चार निरनिराळ्या दिशांनी तराफा फिरवला आणि चारही चित्रांत जे समान राहिले तेवढेच खरे धरले. तळाशी पावणेचार ते चार मीटर लांबीची, किंचित पुढे कललेली गाडी होती. मारुती ८०० याहून बरीच आखूड, अॅम्बेसिडर याहून लांब. पद्मिनी मात्र या मापात बसते. ते माप ऐकल्यावर वहिनी खाली बसल्या.

सोनारविषयी बोलताना अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील फॉस सरोवराची आठवण होणे साहजिक आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये तेथील महामार्ग पोलिस नव्या सोनारचा केवळ सराव करीत होते, आणि धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात त्यांना एकमेकींच्या शेजारी दोन गाड्या सापडल्या. एक १९७० पासून आणि दुसरी १९६९ पासून बेपत्ता होती, आणि दोन्हींत तीन-तीन माणसांचे अवशेष निघाले. चार दशके लोक त्यांच्यावरून मासेमारीच्या होड्या नेत होते. फ्लोरिडात तर १९९७ साली नाहीसा झालेला माणूस २०१९ मध्ये एका वसाहतीमागील तळ्यात, उपग्रहाच्या छायाचित्रात दिसलेल्या गाडीत सापडला. साचलेल्या पाण्यात गाडी जिथे बुडते तिथेच राहते, म्हणून हे शक्य होते. वाहत्या पाण्याचा अनुभव आपल्याला वेगळा आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पडला, तेव्हा दोन एसटी बस पुराच्या पाण्यात गेल्या आणि नौदलाचे पाणबुडे, क्रेन व ३०० किलोचे लोहचुंबक लावूनही त्यांचे सांगाडे हाती लागायला आठवड्याहून अधिक काळ गेला. काही मृतदेह तर थेट समुद्रकिनाऱ्यावर सापडले. गाडी खाडीत किंवा नदीत गेल्याचा संशय असेल, तर एवढ्याशा तराफ्यावर आणि माझ्या अनुभवावर विसंबू नये.

दुसऱ्या दिवशी पाणबुडे उतरले. जांभ्याची तांबडी माती इतकी बारीक असते की तळाला पाय लागताच समोरचे काही दिसेनासे होते, त्यामुळे सारे काम हाताने चाचपडून झाले. वर येऊन त्यांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट मिस्त्री वहीत लिहीत होते : चारही दारे बंद, चारही काचा पूर्ण खाली, स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअरची काठी मधल्या जागी, किल्लीच्या जागी किल्ली नाही. हे सारे उचलण्यापूर्वी नोंदवणे अत्यावश्यक असते, कारण गाडी वर येताना काठी हलू शकते आणि नंतर कोणालाही काही सिद्ध करता येत नाही. माझ्या पुतण्याला राहवले नाही आणि त्याने, दार उघडून आत हात घालून पाहता येणार नाही का, असे विचारले. तेव्हा त्यांच्यातील वडीलधारा पाणबुडा माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाला, "काका, दाराक हात लावूचो नाय. आतलो चिकल आमी पान्यात हलवूचो नाय."

त्यानंतर त्यांनी जे केले ते मी माझ्या संपूर्ण नोकरीत पाहिले नव्हते. रोपवाटिकेवर घालतात ते हिरवे शेडनेट दुहेरी करून त्यांनी पाण्याखालीच गाडीच्या चारही खिडक्यांवर आणि दारांच्या फटींवर गुंडाळले व दोरीने आवळले. उचलताना पाणी बाहेर पडावे, पण चिखल आणि त्यातील लहान वस्तू आतच राहाव्यात, हा त्यामागचा विचार. माणसाच्या अवशेषांपैकी दात, बोटांची आणि पावलांची हाडे आधी सुटी होतात आणि तीच सर्वप्रथम हरवतात. गाडी वर आणून मग शोधू म्हणणाऱ्याच्या हाती फार तर मोठी हाडे लागतात.

उचलण्याचे काम सकाळी नऊला सुरू झाले आणि दुपारी दोनला संपले, आणि काठावरच्या लोकांना हा वेळ फार वाटला तरी तो पूर्णपणे योग्य होता. पद्मिनीचे स्वतःचे वजन सुमारे ९०० किलो असते, परंतु आत भरलेले पाणी आणि चिखल मिळून ते कित्येक पटींनी वाढते. गाडी पाण्याखाली असेपर्यंत हा भार फारसा जाणवत नाही. छत पाण्याबाहेर आले की तो एकाएकी पट्ट्यांवर येतो. हायड्रा १४ टनी असली तरी बूम (क्रेनचा हात) लांबवली की तिची ताकद झपाट्याने घटते, आणि चिरेखाणीचा काठ पोखरलेला असू शकतो म्हणून ती काठापासून दूर उभी करावी लागली होती. तळातून सुटण्यासाठी त्यांनी आधी हवेच्या पिशव्या लावल्या, मग बुडाखालून दोन रुंद पट्टे घेतले. छत दिसू लागल्यावर प्रत्येक वीतभर उचलीनंतर थांबून आतले पाणी गळू दिले. गळणाऱ्या पाण्याखाली होडीत कोळंबीच्या जाळ्याचे कापड धरलेले होते.

आता तपासणीविषयी. गाडी ताडपत्रीवर ठेवल्यानंतर ती वाळू नये म्हणून तिच्यावर ओली पोती टाकण्यात आली. पाण्याखाली प्राणवायू कमी असतो, त्यामुळे तेथे संथ गतीने गंजणारे लोखंड उघड्या हवेत वाळताच भराभर पापुद्रे सोडू लागते, आणि ज्या पत्र्यावर क्रमांक ठोकलेले असतात त्याचे नुकसान अशा वेळी सर्वांत वाईट. पोलिस आणि पंच यांच्यासमोर आतला चिखल पुढची डावी बैठक, पुढची उजवी बैठक, मागची बैठक, पायाखालची जागा, असा जागेप्रमाणे निरनिराळ्या बादल्यांत काढला गेला. प्रत्येक बादलीला क्रमांक दिला गेला आणि मग तो चिखल आधी जाड व नंतर बारीक चाळणीतून पाणी सोडत गाळला गेला. त्याआधी मागच्या बैठकीवरील गाळात प्लास्टिकचा नळ उभा खुपसून एक नमुना तसाच राखून ठेवला होता. त्या नळात तांबड्या मातीचे आणि कुजलेल्या पानांचे थर एकावर एक सरळ दिसत होते, म्हणजे गाळ साचू लागल्यापासून त्या बैठकीवर कोणी हात घातलेला नव्हता.

चाळणीत हाडे आली नाहीत. चार तास आम्ही प्रत्येक बादली पाहत होतो, आणि शेवटची बादली रिकामी झाल्यावर आपल्याला सुटल्यासारखे वाटले की पुन्हा हरवल्यासारखे, हे मला आजही सांगता येत नाही. पत्र्याखाली अडकलेले एक प्लास्टिकचे पाकीट तेवढे निघाले. ते उघडण्याचा मोह आवरून गटाने ते खाणीच्याच पाण्यासह पिशवीत बंद केले आणि मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत बर्फात ठेवून पोलिसांच्या हवाली केले. ओला कागद उन्हात वाळवला तर त्याचा गोळा होतो आणि उबेत ठेवला तर बुरशी चढते. थंडीत मात्र प्रयोगशाळेपर्यंत पोहोचण्याइतका वेळ मिळतो.

यानंतर मिस्त्रींनी पंचांना गाडी वाचून दाखवली, आणि तो तास मला सर्वांत मोलाचा वाटतो. बॅटरी नव्हती, तिच्या पट्टीचे नट तोडलेले नसून व्यवस्थित खोललेले होते. स्टेपनी नव्हती. पुढच्या-मागच्या नंबरप्लेट नव्हत्या. हँडब्रेक सुटलेला होता. पाणबुड्यांनी सांगितलेली गिअरची स्थिती खरी आहे का हे पाहण्यासाठी गिअरबॉक्सचे झाकण उघडले, तेव्हा तेलामुळे आतले भाग बऱ्यापैकी शाबूत होते आणि गिअर न्यूट्रलमध्येच होता. पुढील दिव्यांचे बल्ब काढून वेगळे ठेवण्यात आले. दिवा जळत असताना जोराची धडक बसली तर तापलेली तार ताणली जाऊन वेडीवाकडी होते, आणि विझलेल्या दिव्याची थंड तार तुटली तर कडकन, स्वच्छ तुटते. येथे तारा सरळ आणि अखंड होत्या, आणि बॅटरीच नसल्याने ते अपेक्षितच होते. काचा मुद्दाम खाली केलेल्या, गिअर न्यूट्रल, ब्रेक सुटलेला, विकता येण्याजोगे भाग काढून घेतलेले : ही गाडी चालवत असताना खाणीत पडलेली नाही, ती ढकलून दिलेली आहे, असे मिस्त्रींनी सांगितले, आणि माझ्या अनुभवानेही मी त्याला दुजोरा दिला.

याच्या नेमके उलट उदाहरण अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात आहे. मे १९७१ मध्ये एका जुन्या स्टुडबेकर गाडीतून निघालेल्या दोन १७ वर्षांच्या मुली बेपत्ता झाल्या. पुढे कित्येक वर्षांनी एका माणसावर त्यांच्या खुनाचे आरोप ठेवले गेले, आणि ज्या कबुलीवर ते आधारलेले होते ती तुरुंगातील एका कैद्याने बनावट रचल्याचे उघड झाल्यावर मागे घेतले गेले. २०१३ मध्ये पाण्याची पातळी घटल्यावर तीच गाडी एका ओढ्यात दिसली. किल्ली चालू स्थितीत, दिव्यांचे बटण चालू, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये. तो अपघात होता, असे अधिकाऱ्यांनी २०१४ मध्ये जाहीर केले. गिअर, किल्ली आणि बटण या तीन साध्या वस्तूंनी जे सांगितले, ते चार दशकांच्या तर्कवितर्कांना सांगता आले नव्हते. कोणी आकडा लावून ती गाडी फरफटत काढली असती आणि काठी हलली असती, तर संशय कायमचा राहिला असता. माझे बंधू कर्जामुळे पळाले, दुसरे घर केले, मुंबईत कोणीतरी पाहिले, अशा गोष्टी तीस वर्षे ऐकलेल्या आमच्या घराला या तीन वस्तूंची किंमत पुरती ठाऊक आहे.

ती गाडी आमची आहे की नाही, हे मात्र त्या दिवशी कळले नाही, कारण चेसिस क्रमांक कानशीने घासून काढलेला होता. माझ्या पुतण्याने तारेचा ब्रश आणला. मिस्त्रींनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. ठशाने क्रमांक ठोकताना केवळ वरचा पत्रा दबत नाही, तर त्याखालच्या धातूची रचनाही बदलते. म्हणून वरचा आकडा घासला तरी गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे मिश्रण लावल्यावर दबलेला भाग वेगळ्या गतीने झिजतो आणि आकडा काही क्षण पुन्हा दिसू लागतो. हे काम प्रयोगशाळेचे आहे. ब्रशने अधिक घासले असते, तर खोलवरचा तो ठसाही गेला असता. पोलिसांनी गाडी ताब्यात घेऊन तो भाग न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवला. वहिनींनी ट्रंकेत जपून ठेवलेल्या आरसी पुस्तकाची प्रत आम्ही दिली होती. काही आठवड्यांनी कळवण्यात आले की शेवटचे चार आकडे वाचता आले आणि ते आमच्या पुस्तकातील आकड्यांशी जुळत नाहीत. ते ज्यांच्या गाडीशी जुळतात त्यांच्याविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही.

सेवेत उणिवा आहेत, आणि त्या सांगणे माझे कर्तव्य आहे. पहिल्या बुडीच्या वेळी दुसरा पाणबुडा काठावर तयार स्थितीत नव्हता; मी आग्रह धरल्यावर तो सज्ज झाला. अंधाऱ्या पाण्यात, गंजलेल्या पत्र्याजवळ एकट्याने उतरणे कितीही सराव असला तरी योग्य नाही. पाणबुड्यांचा स्वतःचा विमा नव्हता, आणि हे विचारल्याशिवाय सांगण्यात आले नाही. सुरुवातीच्या छायाचित्रांत मोजपट्टी ठेवलेली नव्हती, त्यामुळे वहीतील नोंदी आणि छायाचित्रे यांचा मेळ घालताना तपास अधिकाऱ्यांना मलाच दोनदा बोलवावे लागले. हायड्राचे भाडे किमान आठ तासांचे धरले जाते हेही आधी स्पष्ट करायला हवे होते. लेखी अहवाल मिळायला सव्वा महिना लागला आणि तो फार त्रोटक होता. मिस्त्रींनी तोंडी जे सांगितले त्याचा चौथा हिस्साही त्यात नाही. या गटाने एखादा नीट लिहिणारा माणूस सोबत घ्यावा, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे.

पाचपैकी चार गुण मी त्यांना देतो, आणि त्यातील तीन केवळ त्या शेडनेटसाठी आहेत.

सात वर्षे ज्याची काहीच वार्ता नाही त्याला कायदा मृत मानू देतो. पूर्वीच्या पुरावा कायद्यातील कलम १०८ आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १११ झाले आहे. वकिलांनी अनेकदा सुचवूनही वहिनींनी तसा अर्ज आजवर केलेला नाही, आणि आम्हीही त्यांना कधी आग्रह केला नाही. त्याच जुन्या वाटेवर, या खाणीपासून अर्ध्या कोसावर आणखी एक खाण आहे. एप्रिल अखेरीस तिचे पाणी बरेच खाली गेलेले असेल. याच गटाला आम्ही आगाऊ रक्कम देऊन ठेवली आहे, आणि या वेळी मोजपट्टी मी घरूनच घेऊन जाणार आहे.